‘पाणीवाली बाई’ : एका नगरसेविकेच्या कार्याचा अभ्यास

(द्वितीय वर्ष कला)

राज्यशास्त्राच्या तासाला ‘स्थानिक स्वराज्य’ हा घटक निघाला की वर्गात थोडी चुळबुळ सुरू होते. संसद, राष्ट्रपती, सर्वोच्च न्यायालय हे शब्द भारदस्त वाटतात. नगरसेवक हा शब्द घराजवळचा, म्हणून हलका वाटतो. नगरसेवक म्हटले की आपल्यापुढे चौकातला वाढदिवसाचा फलक, गणपतीची वर्गणी आणि लग्नमंडपातला सत्काराचा फेटा एवढेच उभे राहते. वस्तुतः जन्माच्या दाखल्यापासून स्मशानातल्या लाकडांपर्यंत सामान्य माणसाचा सरकारशी जो संबंध येतो, त्यातला फार मोठा भाग याच पायरीवर येतो. दिल्लीत काय ठरले ते आपण वर्तमानपत्रात वाचतो. नळाला पाणी आले की नाही, ते मात्र घरातल्या बाईला पहाटे उठून पाहावे लागते.

म्हणूनच यंदाच्या वार्षिकासाठी लिहायचे ठरले तेव्हा मी एखाद्या पंतप्रधानाऐवजी एक नगरसेविका निवडली. मृणालताई गोरे पुढे आमदार झाल्या, खासदार झाल्या, विधानसभेत काही काळ विरोधी पक्षनेत्याही होत्या. परंतु लोकांनी त्यांना जे नाव दिले ते यांपैकी कोणत्याही पदामुळे दिलेले नाही. ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना मिळाले ते गोरेगावच्या नळासाठी केलेल्या भांडणामुळे. आमच्याकडे पाणीवाली बाई म्हटले तर दुसऱ्याच्या घरी पाणी भरून देणारी मोलकरीण, असाच अर्थ कोणीही घेईल. हे नाव एका लोकप्रतिनिधीचे बिरुद व्हावे, यातच मला त्यांच्या कार्याचे मर्म दिसते.

मृणालताईंचा जन्म २४ जून १९२८ चा. माहेरचे आडनाव मोहिले. वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच त्या राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी पक्षाच्या कामात ओढल्या गेल्या आणि डॉक्टर होण्याचा मार्ग त्यांनी सोडून दिला. हे वाक्य पुस्तकात एका ओळीत संपते. पण ज्या घरात शिक्षण ही पहिल्यांदाच आलेली गोष्ट आहे, त्या घरातल्या मुलीला या ओळीपाशी थांबावेच लागते. आमच्याकडे कोणी वैद्यकीय शिक्षण सोडले असते तर गाव जमा झाला असता. १९४८ साली त्यांनी केशव गोरे यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. कार्यकर्ते त्यांना बंडू गोरे म्हणत. दोघांनी गोरेगाव ही आपली कर्मभूमी मानली. मुंबईच्या वेशीबाहेरचे ते त्या काळी एक गावच होते. तेथील महिला मंडळाचे काम, कुटुंबनियोजनाचा प्रचार आणि नंतर ग्रामपंचायतीचे सदस्यत्व, अशा पायऱ्यांनी मृणालताई सार्वजनिक जीवनात आल्या. म्हणजे ज्यांना आपण मुंबईच्या पुढारी समजतो, त्यांचे पहिले निवडून आलेले पद ग्रामपंचायतीचे होते. ही गोष्ट आपल्या तालुक्यातील वाचकांनी अवश्य लक्षात घ्यावी.

१९५७ साली गोरेगाव बृहन्मुंबईत सामील झाले. १९५८ मध्ये केशव गोरे यांचे निधन झाले. तेव्हा मृणालताईंनी जेमतेम तिशी गाठली होती आणि पदरी लहान मुलगी होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांनी घरात बसणे लोकांना स्वाभाविकच वाटले असते. त्यांनी पतीच्या नावाने केशव गोरे स्मारक ट्रस्ट उभा करण्यात पुढाकार घेतला, काम पुढे चालविले आणि १९६१ साली त्या मुंबई महानगरपालिकेवर निवडून गेल्या.

आता प्रश्न असा की, गोरेगावला पाणी का नव्हते? मुंबई तर पाण्याच्या बाबतीत फार पूर्वीपासून भाग्यवान शहर. विहार तलावाचे पाणी १८६० साली शहरात आले, त्यामागून १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा आणि स्वातंत्र्यानंतर वैतरणेचे. परंतु पाण्याचा हा सगळा आराखडा जुन्या शहरासाठी केलेला होता. उपनगरे मागाहून जोडली गेली. माणसे आली, चाळी आल्या, झोपड्या आल्या; नळ मात्र त्या वेगाने आले नाहीत. गोरेगावला १९४९ साली आरे दूध वसाहत उभी राहिली. तेथून रोज पहाटे मुंबईला दूध जात होते आणि त्याच गोरेगावातल्या बायका पहाटे उठून पाण्यासाठी रांगेत उभ्या राहत होत्या. नकाशावर गाव शहरात घेणे एका अधिसूचनेने होते. जमिनीखालून नळ घेणे तसे होत नाही.

येथे नगरसेवकाच्या अधिकाराविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण त्याविषयी आपला फार गैरसमज असतो. आपल्याला वाटते, नगरसेवकाने मनात आणले की नळ येतो. मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ सालचा आहे. त्यानुसार कारभार चालविण्याचे अधिकार आयुक्ताकडे आहेत आणि आयुक्त राज्य सरकार नेमते. एकट्या नगरसेवकाला एक फूट नळ टाकण्याचा हुकूमसुद्धा देता येत नाही. त्याच्या हाती असते ते सभागृह. तो प्रश्न विचारू शकतो, ठराव मांडू शकतो, अंदाजपत्रकात तरतूद मागू शकतो. आणि ज्या समितीपुढे खर्चाचे प्रस्ताव येतात तेथे बसून हा पैसा इकडे का आणि तिकडे का नाही, असे खडसावू शकतो. थोडक्यात, नगरसेवकाचे हत्यार म्हणजे त्याचे तोंड आणि त्याचा अभ्यास. ज्याला यांतले एकही वापरता येत नाही, त्याच्यापुढे मग फलकच उरतात.

मृणालताईंनी या दोन हत्यारांना तिसऱ्याची जोड दिली, आणि माझ्या मते त्यांच्या यशाचे कारण तेथे आहे. त्यांनी पाण्यासाठी खोळंबलेल्या बायकांनाच कचेरीत नेले. रिकामे हंडे आणि कळश्या घेऊन निघालेले बायकांचे मोर्चे, अधिकाऱ्यांना घातलेले घेराव हे त्या काळच्या मुंबईला नवे होते. वरवर पाहता हा नुसता गोंगाट वाटेल. पण विचार करा. एखादा अधिकारी टेबलावरच्या कागदावर ‘अमुक विभागात पाणीटंचाई’ असे वाचतो तेव्हा त्याला टंचाई हा शब्द दिसतो. त्याच टेबलावर रिकामा हंडा ठेवला की त्याला बाई दिसते. शिवाय दुसरीही एक गोष्ट घडते, आणि ती अधिक महत्त्वाची. जी बाई आयुष्यात कधी कचेरीची पायरी चढली नाही, ती एकदा चढली की दुसऱ्यांदा तिला नगरसेविकेची गरज कमी लागते. जो पुढारी लोकांची कामे स्वतः करून देतो, तो लोकप्रिय होतो, पण लोक होते तेथेच राहतात. मृणालताईंच्या पद्धतीत पुढाऱ्याचे उपकार कमी आणि माणसांचा हक्क जास्त होता. गोरेगावात पाणी आले ते या सभागृहातल्या आणि रस्त्यावरच्या दुहेरी रेट्यामुळे.

उपकार आणि हक्क यांतला हा फरक मला पुस्तकापेक्षा एका अर्जाने जास्त शिकविला. आमची वस्ती करमाळ्यापासून एस.टी.ने तासाभराच्या अंतरावर आहे. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे वस्तीतले अर्ज लिहिण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले आहे. रेशनकार्डावर नाव चढवायचे असो की पेन्शन अडलेली असो, लोक वही घेऊन येतात. गेल्या उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी येईना, तेव्हा बायका म्हणाल्या, “तू लिही.” आमच्याकडे अर्ज लिहिण्याचा एक साचा ठरलेला आहे. ‘मेहेरबान साहेबांचे सेवेशी’ अशी सुरुवात आणि ‘तरी साहेबांनी कृपावंत होऊन आम्हा गरिबांची सोय करावी ही नम्र विनंती’ असा शेवट. मृणालताईंविषयी मी तेव्हा वाचत होते. मी अर्जात कृपा हा शब्द घातला नाही. तीन प्रश्न लिहिले : नळयोजना कोणत्या साली मंजूर झाली, पाणी किती दिवसांआड सोडण्याचे ठरले आहे, आणि सध्या ते न सोडण्याचे कारण काय. खाली बायकांच्या सह्या आणि अंगठे. अर्ज द्यायला एकीने न जाता अकराजणी गेल्या. कारकून म्हणाले, “एकीच्या हाती पाठवला असता तरी चालला असता.” त्यावर माझी चुलती म्हणाली, “चालला असता, पण पोचला नसता.” शिक्का मारलेली पोच घेऊनच त्या परतल्या. पाणी आजही रोज येत नाही. पण कोणत्या गल्लीला कोणत्या वारी येणार, याचा कागद आता समाजमंदिराच्या भिंतीवर लागतो, आणि वार चुकला की विचारायला जाण्याचे धैर्य बायकांना आले आहे.

महाराष्ट्रातील नगरपालिकांचा इतिहास पाहिला तर पाणी आणि नगरपालिका यांचे नाते जुने आहे आणि ते नळापुरते कधीच नव्हते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पुढे १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. महाडची हकीकत तर प्रत्येकाला ठाऊक असते, पण तिच्यातली नगरपालिका आपण विसरतो. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा तो ठराव. त्याला अनुसरून १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस हे त्या कामात पुढे होते. ठराव झाला, नोंदवहीत उतरला आणि तेथेच राहिला. तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसे घेऊन जावे लागले. त्यानंतर त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि प्रश्न न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. कागदावरचा ठराव आणि ओंजळीतले पाणी यांच्यात एवढे अंतर असू शकते. गोरेगावचा लढा महाडच्या तोलाचा होता, असे मला मुळीच म्हणायचे नाही. महाडला प्रश्न माणूस म्हणून मान्यता मिळण्याचा होता. परंतु ठराव झाल्यावर माणसांनी स्वतः पाण्यापाशी जावे लागते, ही गोष्ट दोन्हीकडे दिसते.

मृणालताईंचे पुढचे जीवन थोडक्यात सांगते, कारण ते अधिक प्रसिद्ध आहे. १९७२ साली त्या विधानसभेवर निवडून गेल्या. ते वर्ष आपल्याकडे ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणून आजही ओळखले जाते. आमच्या आज्या अजून सुकडी आणि मिलोच्या भाकरीची आठवण काढतात. इकडे बाया खडी फोडत होत्या, तेव्हा मुंबईत धान्य, तेल, रॉकेल यांच्या भावांनी लोक हैराण झाले होते. मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांतील स्त्रिया महागाईविरोधी महिला समितीत एकत्र आल्या आणि लाटणी व थाळ्या घेऊन त्यांनी मोर्चे काढले. हंड्याची जागा लाटण्याने घेतली, पद्धत तीच. आणीबाणीत त्यांनी भूमिगत राहून काम केले, नंतर अटक होऊन तुरुंगवास भोगला. १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून त्या लोकसभेवर गेल्या. इंदिरा गांधी त्याच निवडणुकीत रायबरेलीत पराभूत झाल्या. तेव्हा ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा मुंबईत गाजली. घोषणा चटकदार आहे खरी. पण मला त्यातले ‘दिल्ली में’ फारसे महत्त्वाचे वाटत नाही. महत्त्वाचे हे की दिल्लीला गेल्यावरही लोक त्यांना पाणीवालीच म्हणत होते.

१९८३ साली अडचणीतील स्त्रियांसाठी त्यांनी ‘स्वाधार’ हे केंद्र सुरू केले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८६ मध्ये त्यांनी विधानसभेत अशासकीय विधेयक आणले. १९८८ साली महाराष्ट्राने या विषयावर देशात पहिला कायदा केला, त्यामागे स्त्रीसंघटनांचा आणि त्यांचा रेटा होता. केंद्राचा कायदा त्यानंतर १९९४ मध्ये आला. बाबूराव सामंत यांच्यासह त्यांनी नागरी निवारा परिषदेच्या मार्फत गोरेगावच्या दिंडोशी भागात सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सहा हजारांहून अधिक घरे उभी केली. ही जमीन मिळवायला वर्षानुवर्षे न्यायालयात भांडावे लागले. १७ जुलै २०१२ रोजी त्यांचे निधन झाले.

येथपर्यंत लिहिल्यावर एक गोष्ट मला टोचते आणि ती लिहिल्याशिवाय हा अभ्यास पुरा होणार नाही. गोरेगावला पाणी मिळाले, ते आले कोठून? तानसा, वैतरणा, भातसा ही सारी धरणे मुंबईपासून दूर, ठाणे-पालघरच्या डोंगराळ भागात आहेत. शहापूर तालुक्यातून मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा जातो आणि त्याच तालुक्यातील आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आपल्याकडे यालाच ‘धरण उशाला, कोरड घशाला’ म्हणतात. करमाळ्याच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले. त्याची साठवण सुमारे ११७ टीएमसी. धरणाचे फुगवट्याचे पाणी आपल्या तालुक्याच्या पश्चिम अंगाला आले, त्यात गावे उठली, जुनी मंदिरे बुडाली. त्या काठाला आज ऊस आहे, केळी आहेत. परंतु पूर्वेकडे सीनेच्या बाजूला आले की रंग बदलतो. एकाच तालुक्यात एक बाई केळीच्या बागेतून घरी येते आणि दुसरी टँकरपुढे घागर लावते. करमाळ्याच्या कमलाभवानीच्या मंदिराजवळ शहाण्णव पायऱ्यांची जुनी विहीर आहे. आपण सहलीला जाऊन तिच्या पायऱ्या मोजतो. त्या पायऱ्यांनी पाणी चढवून आणणारीच्या पायांचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

म्हणून नगरसेवक आपल्या प्रभागापुरता कितीही चांगला असला तरी पाण्याचा प्रश्न प्रभागात संपत नाही, असे मला वाटते. माझ्या नळाला पाणी हवे, हे म्हणणे सोपे आहे. ते कोणाच्या तोंडचे येते, हे विचारणारा प्रतिनिधी विरळा. मृणालताईंच्या काळात हा प्रश्न आजच्याइतका तीव्रतेने पुढे आलेला नव्हता, हे मान्य केले पाहिजे. आणि शहरातसुद्धा त्यांचे काम पुरे झालेले नव्हते. अमुक तारखेनंतरच्या झोपड्यांना पाणी द्यायचे नाही, असा नियम मुंबईत पुष्कळ वर्षे चालला. पाणी हक्क समितीने त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की झोपडी बेकायदा असली तरी तिच्यातल्या माणसाचा पाण्याचा हक्क नाकारता येणार नाही, कारण तो जगण्याच्या हक्काचा भाग आहे. सर्वांना पाणी देण्याचे धोरण महानगरपालिकेने आणले ते २०२२ साली. १९६१ ते २०२२ म्हणजे एकसष्ट वर्षे होतात.

मृणालताई महानगरपालिकेत गेल्या तेव्हा स्त्रियांना राखीव जागा नव्हत्या. १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने एकतृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या, आणि महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्यावर नेल्या. आज आपल्या राज्यात कोणत्याही नगरपालिकेत वा ग्रामपंचायतीत पाहिले तर अर्ध्या खुर्च्या बायकांच्या आहेत. त्या खुर्चीवर कोण बोलते, हा प्रश्न निराळा. बाईचे नाव पाटीवर आणि नवरा सभेत, हे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे आणि त्यावर हसलोही आहोत. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. खुर्ची कायद्याने मिळते. पण सभेच्या नोटिशीतला विषय वाचता येणे, अंदाजपत्रकाचा रकाना कळणे, हे कोणी शिकवायचे?

या लेखाची तयारी करताना मी एका बाईंना भेटले. राखीव जागेवरून त्या पाच वर्षे एका ग्रामपंचायतीच्या सदस्य होत्या. शाळेत त्या कधी गेल्या नाहीत, सही करायला मात्र निवडून आल्यावर शिकल्या. मृणालताईंचे नाव त्यांनी ऐकलेले नव्हते. मी हंड्यांच्या मोर्चाची हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग आत जाऊन पत्र्याच्या पेटीतून एक पिशवी काढून आणली. पाच वर्षांतल्या सभांच्या नोटिसा त्यांनी जपून ठेवल्या होत्या. एकही हरवली नव्हती. “मी समद्या सभांना गेले,” त्या म्हणाल्या, “चहा पिले, सह्या केल्या. आता तू आलीच हायेस तर कशावर केल्या ते वाचून दाव.” आम्ही दोघी ओट्यावर बसलो. तिसऱ्याच नोटिशीत, सातव्या विषयात, नळयोजना होती.